पियानिस्ट व बँडलीडर

चेतनच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली 'पियानिस्ट व बँडलीडर' असं छापलेलं होतं. त्यातलं बँडलीडर खरं होतं. पियानो मात्र त्याने आयुष्यात दोनदाच पाहिला होता. एकदा अंबरनाथच्या एका कंपनीच्या साहेबलोकांच्या क्लबात, तोही कुलूप लावलेला, आणि एकदा एका लग्नाच्या हॉलमध्ये, तिथे त्यावर केक ठेवला होता. वाजवायचा तो कीबोर्ड. पण कीबोर्डाचं एक नंबरचं बटण दाबलं की पियानोचा आवाज येतो, आणि ज्याअर्थी पियानोचा आवाज येतो त्याअर्थी वाजवणारा पियानिस्ट, असा त्याचा सरळ हिशेब होता. बदलापूरला मांजर्लीत त्याच्या तळमजल्याच्या घरात नदीचं पाणी शिरलं तेव्हा त्याने आधी कीबोर्ड कपाटावर चढवला, मग गॅसचं सिलिंडर आणि मग सासूबाईंना. सासूबाईंनी ही क्रमवारी अजून लक्षात ठेवली आहे.

त्याची पार्टी, म्हणजे बँड, हळदीची. बदलापूर गाव, चामटोली, पार वांगणीपर्यंत आगऱ्याच्या घरी लग्न निघालं की हळदीला पार्टी कोणाची हे आधी ठरायचं, आचारी मागाहून. मांडवात दोनशे माणसं नाचत असतात, त्यात नवरदेवाचे मामा सगळ्यांत पुढे, आणि तिथे लीडरने बोंबलून सांगितलेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. म्हणून चेतनच्या गळ्यात एक शिट्टी असायची. एक लांब शिट्टी वाजली की जे चालू असेल ते तिथल्या तिथे टाकून सगळ्यांनी हळदीच्या ठेक्यावर यायचं. दोन तुटक शिट्ट्या म्हणजे बंद. ''शिट्टी वाजल्यावर विचार करायचा नाही. विचार करायला मी आहे,'' असं तो पंधरा वर्षं सांगत आला होता. यातलं दुसरं वाक्य कोणी कधी तपासून पाहिलं नाही, पण पहिलं सगळ्यांनी इमानाने पाळलं.

असा हा सुखी माणूस एका पुठ्ठ्यापायी बिघडला.

उल्हासनगरला अँप्लिफायर दुरुस्तीला टाकला होता. दुकानदाराने तो परत देताना खाली टेकू म्हणून एक चौकोनी पुठ्ठा दिला. घरी येऊन पाहतो तर ते जुन्या रेकॉर्डचं पाकीट, आत रेकॉर्डसुद्धा. पाकिटावर कोट घातलेले पाच काळे अमेरिकन. पुढे पियानोवर बसलेला लीडर, मागे अंधारात चौघे. चेतनने ते पाकीट भिंतीवर लावलं. रेकॉर्ड वाजवायला घरात काही नव्हतं, त्यामुळे पहिले पंधरा दिवस त्याने ती नुसती पाहिली, आणि त्याला ती फार आवडली. मग कोणीतरी सुचवलं की हे मोबाईलवर मिळतं. तेव्हा ऐकलं, आणि ऐकल्यावरही आवडली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

जॅझच्या या प्रकाराला हार्ड बॉप म्हणतात हे त्याला बायकोने सांगितलं. प्रतिभा मांजर्लीतल्याच एका दातांच्या दवाखान्यात काम करायची. पेशंटना नंबर द्यायची, डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची आणि रडणाऱ्यांना गप्प करायची. तिचं इंग्रजी बरं होतं. पाकिटाच्या मागचा मजकूर तिने वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की ही माणसं आपल्या मोहल्ल्यातलं, चर्चमधलं, लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेलं गाणं या वाजवण्यात आणतात.

''वा! म्हणून एवढा दम आहे,'' चेतन म्हणाला.

''मग तुम्ही काय आणणार?''

''मी हार्ड बॉप आणणार,'' चेतन म्हणाला. प्रतिभाने पाकीट परत भिंतीवर लावलं.

झालं, अल्बम करायचा ठरला. सात चाली चेतनने स्वतः बांधल्या. वादक पाच, पाकिटावर होते तेवढेच. सॅक्सोफोनवर करण, तो अंबरनाथला एमआयडीसीत शिफ्ट करून यायचा. बेस गिटारवर सनी. ड्रमवर बारवी धरणाकडच्या वाडीवरचा देऊ, ज्याचं तोंड महिन्यातून एकदा उघडायचं आणि हात कधी थांबायचे नाहीत. आणि ट्रम्पेटवर चामटोलीचे शंकरराव, वय एकसष्ट. चेतनचे वडील पार्टी चालवत तेव्हापासूनचे. चेतनला सूर कशाला म्हणतात हे पहिल्यांदा सांगितलं ते त्यांनीच, आणि सांगताना दोन कानफटातही दिल्या होत्या.

पहिल्याच तालमीला चेतनने हार्ड बॉप समजावून सांगितलं. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची. मग एकेकाने एकट्याने, त्याच्या मनात येईल ते वाजवायचं. शेवटी पुन्हा सगळ्यांनी मिळून चाल.

''म्हंजे भजनासारखं,'' शंकरराव म्हणाले.

''काका, हे भजन नाही.''

''आधी सगली बोलतात, मंग बुवा एकला आलाप घेतो, मंग परत सगली.''

''काका, हे अमेरिकेचं आहे.''

''बरं,'' शंकरराव म्हणाले. अमेरिकेपुढे ते काय बोलणार!

चेतनने नियम केला की तालमीत हळदीचं काही म्हणजे काही वाजवायचं नाही. देऊचा हात जरा त्या ठेक्याकडे सरकला की चेतन डोळे वटारायचा. करणने एकदा सोलोत एका हळदीच्या गाण्याची ओळ घातली, तर त्याला दहा मिनिटं बाहेर उभं केलं. सहा महिने चेतनने असं एकेकाच्या अंगातलं घर आणि अंगण धुऊन काढलं. पी हळद अन् हो गोरी म्हणतात. इथे उलटं होतं, हळद पुसून काढली की माणूस अमेरिकन होईल असा याचा भरवसा.

अल्बमचा फोटो मात्र संगीताच्या आधी तयार झाला. उल्हासनगरला शेरवान्या भाड्याने मिळतात तिथून पाच काळे कोट आणले. चेतन पुढे खुर्चीवर, चौघे मागे उभे. फोटोग्राफरने मागच्यांना छान धूसर केलं. शंकररावांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. चेतनला वाटलं काका गंभीर दिसतायत, जॅझला शोभतंय.

काका गंभीर का दिसत होते ते चार दिवसांनी प्रतिभाने दवाखान्यातून आल्यावर सांगितलं.

''शंकरकाका आले होते आज. वरचे पुढचे सहा दात कामातून गेलेत. हिरड्यांत पू झालाय, शुगर वाढलीय. डॉक्टर म्हणाले सोमवारी काढून टाकायचे.''

''सोमवारी? अगं, रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात आहे!''

''मग दातांना तसं कळवा.''

''पण कवळी बसेल ना?''

''बसेल. जेवता येईल, बोलता येईल. ट्रम्पेटचं मी मुद्दाम विचारलं. ट्रम्पेटवाल्याचे ओठ दातांवर टेकतात, ते दातच नसले तर फुंकर कशावर तोलणार? डॉक्टर म्हणाले, या वयात आणि या शुगरवर आता आशा धरू नका.''

चेतन त्याच पावली चामटोलीला गेला. शंकरराव ओट्यावर बसून कोमट पाण्याच्या गुळण्या करत होते. म्हणाले, ''चाळीस वरसं वाजवलं मी. कुठंतरी असंल ना रं माजा आवाज? म्हनून एकदा आमच्या पोरीच्या हलदीची सीडी लावली. सगली नाचतायत, मी गाल फुगवून वाजवतंय, आनि वरून शिनेमाचं गानं! सीडीवाल्यानं पार्टीचा आवाजच काढून टाकला. मंग दुसऱ्या दोगातिगांच्या बगितल्या. सगलीकडं तसंच. गाल दिसतात, आवाज नाय.'' त्यांनी गुळणी टाकली. ''एकदा ठेव मना कुठंतरी. दात जायच्या आधी.''

चेतनला खरंच भरून आलं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की रेकॉर्डिंग येत्या रविवारी करायचं, आणि 'बारवी' नावाच्या चालीत काकांचा अर्ध्या मिनिटाचा सोलो पाऊण मिनिटाचा करायचा. स्वतःचा तीन मिनिटांचा होता तो तीनचाच राहिला. अल्बम शेवटी पियानिस्टचा होता.

रविवारी सकाळी नऊला सगळे उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये हरेशच्या घरी जमले. हरेशचा स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीत गादी कोंबलेली. तिथे तो सिंधी भजनं आणि निवडणुकीच्या रिक्षांवरचे प्रचार रेकॉर्ड करायचा. त्याच्या भाच्याच्या वरातीत चेतनच्या पार्टीने वाजवायचं आणि बदल्यात हरेशने एक दिवस खोली द्यायची, असं ठरलं होतं. भिंतीपलीकडे त्याच्या आईचं स्वयंपाकघर.

''साईं, टेन्शन नको घेऊ. रूम एकदम साऊंडप्रूफ. अम्माला सांगितलंय, एक बजे तक मिक्सर नाही, टीव्ही नाही, कुछ नाही.''

मिक्सर आणि टीव्ही त्याने बरोबर आठवणीने सांगितले होते.

चेतनचा आग्रह होता की सगळ्यांनी एकाच खोलीत एकदमच वाजवायचं, त्या काळी वाजवत तसं. त्याचा कीबोर्ड तारेने थेट मशीनला जोडला, बाकी चौघांपुढे माईक लागले. गळ्यातली शिट्टी तो मुद्दाम घरी खिळ्याला लटकवून आला होता. कलावंताच्या गळ्यात शिट्टी बरी दिसत नाही.

साडेअकरापर्यंत चार चाली झाल्या. चारही बरोबर झाल्या. कोणी चुकलं नाही, कोणी पुढे गेलं नाही, कोणी मागे राहिलं नाही, आणि सगळं मिळून ऐकताना असं वाटत होतं की चार शहाणी माणसं बँकेत फॉर्म भरतायत. शंकररावांचा सोलो प्रत्येक वेळी अर्धा मिनिट यायचा आणि ते तो परीक्षेच्या उत्तरासारखा देऊन टाकायचे. तोंडातून तुऱ्यासारखा निघणारा तो सूर, ज्यावर चामटोलीतल्या म्हाताऱ्यासुद्धा उठून नाचायच्या, तो कुठे गेला होता कोण जाणे. चेतनच्या ते लक्षात आलं नाही. तो स्वतःचं ऐकत होता.

''काका, दुखतंय का?'' करणने हळूच विचारलं.

''दुकतंय ते ठीक हाय,'' शंकरराव म्हणाले. ''पन मना कलतच नाय मी कुनाचं वाजवतंय.''

पाचवी चाल बारवीची. सगळ्यांनी मिळून वाजवून झाली आणि चेतनचा सोलो सुरू झाला. डोळे मिटलेले, मान तिरकी, पाकिटावरच्या माणसासारखी. दीड मिनिट छान गेलं. अजून दीड मिनिट बाकी होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे अम्माच्या कुकरची शिट्टी झाली. पंधरा माणसांच्या घरातला कुकर तो. शिट्टी एकच, पण लांबच्या लांब, आणि सूर थेट चेतनच्या शिट्टीचा.

शिट्टी वाजल्यावर विचार करायचा नाही.

देऊचे हात आधी फिरले. सहा महिने दाबून ठेवलेला ठेका असा काही बाहेर पडला की भिंतीवरचे अंड्यांचे दोन ट्रे खाली आले. पाठोपाठ सनीची गिटार. करणने श्वास घेतला आणि सॅक्सोफोन वर उचलला. शंकररावांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी ते उघडले नाहीत, नुसता ट्रम्पेट ओठांना लावला.

''अरे ए! थांबा!'' चेतन ओरडला. ''भेंडी, कुकर आहे तो! कुकर!''

पंधरा वर्षांत मांडवात चेतनचं ओरडणं कोणी कधी ऐकलं नव्हतं. ते आजच का ऐकतील? त्याने हात हलवले, हात तर मांडवात सगळेच हलवतात. दोन तुटक शिट्ट्या मारल्या असत्या तर चौघे जागच्या जागी थिजले असते, पण शिट्टी मांजर्लीत खिळ्याला होती. तोंडाने शिट्टी घालून पाहिली तर तोंड कोरडं पडलेलं, नुसती हवा निघाली. मग पियानिस्ट व बँडलीडर आपल्या अल्बमच्या मधोमध कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

आता मस्करी जरा बाजूला ठेवतो, कारण त्यानंतरची साडेचार मिनिटं मस्करी करण्यासारखी नव्हती. शंकररावांनी चाल बारवीचीच धरली होती, चेतनने बांधलेली, पण ती त्या ठेक्यावर आली आणि एकाएकी तिला गाव मिळालं. ते तिला खेळवायला लागले. अर्धी वाजवायचे आणि सोडून द्यायचे, की करण मागून ती उचलायचा. मग ते वर चढले, इतके वर की हरेशने कानावरचे हेडफोन काढले आणि तसाच ऐकत राहिला. मध्येच भजनातल्या बुवासारखा एक लांब आलाप घेतला, त्यात काही रडणं होतं, आणि रडणं संपायच्या आत त्याला चिमटा काढून पुन्हा हळदीत उडी मारली. पोरीच्या हळदीला त्यांनी जे वाजवलं असेल आणि सीडीवाल्याने जे फेकून दिलं असेल, ते सगळं तिथे येऊन गेलं. पाकिटाच्या मागे लिहिलं होतं तेच हे होतं. फक्त मोहल्ला आपला होता.

ते थांबले तेव्हा सगळे थांबले. शंकररावांच्या हनुवटीवर रक्त आलं होतं. त्यांनी तळहात तोंडाशी नेला आणि त्यावर एक दात पडला.

''उद्याचं एक काम कमी झालं,'' ते म्हणाले आणि मग भानावर येऊन चेतनकडे पाहिलं. ''चुकला रं. तुजा सोलो अर्दाच राहिला ना?''

''साईं, ये तो फाडू हो गया!'' हरेश म्हणाला.

राहिलेल्या दोन चाली राहिल्याच, काकांच्या त्या तोंडाने आणखी काही वाजणं शक्य नव्हतं. सोमवारी उरलेले पाच दात निघाले. प्रतिभाने डॉक्टरांच्या हातात चिमटा दिला आणि काकांचा खांदा धरून उभी राहिली.

बुधवारी चेतन एकटाच उल्हासनगरला गेला. आता त्याच्यापुढे असा प्रश्न होता की पियानिस्टच्या अल्बममधल्या सगळ्यांत मोठ्या चालीत पियानो दीडच मिनिट आहे, त्यानंतर एक कुकर आहे, त्यानंतर पियानिस्टची शिवी आहे आणि पुढची साडेचार मिनिटं पियानिस्ट नाहीच. शिवी काढता येईना. ती चौघांच्याही माईकमध्ये जाऊन बसली होती, देऊच्या माईकमध्ये तर कुकरपेक्षा स्पष्ट. पण झाकता येत होती. चेतनने तिच्यावर पियानो वाजवला. मग वाटलं, इथपर्यंत आलोच आहोत तर पुढेही वाजवू, म्हणून साडेचार मिनिटं वाजवला. मग त्याच्या पियानोपुढे ट्रम्पेट फार मोठा वाटायला लागला, म्हणून हरेशला सांगून तो जरा कमी केला. मग आणखी जरा. हरेश एकदा म्हणाला, ''साईं, बघ हं,'' पण भाच्याची वरात तोंडावर होती, तो जास्त बोलला नाही.

संध्याकाळी त्याने ते प्रतिभाला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकलं.

''कसं वाटलं?''

''यात काका कुठे आहेत?''

''आहेत की. मागे.''

''फोटोत आहेत तसे.''

''अगं, लीडर पुढेच असतो! त्या पाकिटावर बघ ना.''

''पाकिटावर पुढे आहे हो,'' प्रतिभा म्हणाली. ''पण तुम्हीच ऐकवलं होतंत ना मला, ट्रम्पेटवाला वाजवायला लागला की तो पियानोवाला कसा दोन बोटांनी हळूच आधार देतो आणि मध्ये मध्ये तर हातच उचलून घेतो. तुम्हीच म्हणाला होतात, बघ किती मोठा माणूस आहे.'' तिने खडा काढून टाकला. ''आणि त्या सीडीवाल्याने तरी काय वेगळं केलं होतं? त्याने शिनेमाचं गाणं घातलं, तुम्ही तुमचं घातलंत.''

चेतन चिडला. तुला संगीतातलं काय कळतं, तू दात उपट, असं काहीबाही बोलला. दात ती उपटत नव्हती, डॉक्टर उपटायचे, पण रागात माणूस तपशील बघत नाही. जेवला नाही. सासूबाईंनी दोनदा हाक मारली, तरी उठला नाही. भिंतीवरच्या पाच माणसांकडे पाठ करून बसला. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की तो नेहमी आधी चिडायचा, हे प्रतिभाला ठाऊक होतं.

सकाळी तो हरेशच्या दारात उभा होता.

''काल घातलेला पियानो सगळा काढ.''

''सगळा?''

''सगळा. ट्रम्पेट होता तिथे आण. काही कमी नको.''

''मग तेरी वो गाली ऐकू येणार, साईं. आणि अम्माचा कुकर.''

''येऊ दे.''

''पियानिस्टचा अल्बम, आणि त्यात पियानिस्ट गाली देऊन निघून जातो?'' हरेशला मनापासून मजा वाटली. ''नाव काय टाकू? चेतन अँड पार्टी?''

चेतनने विचार केला. हा विचार त्याला महाग पडला, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. ''या चालीला 'शंकरराव, ट्रम्पेट' असं टाक,'' तो म्हणाला. ''पियानो चेतन, ते खाली बारीक अक्षरांत. आणि ही चाल पहिली ठेव.''

त्याच दिवशी शंकररावांचा फोन आला. बोलणं नीट कळत नव्हतं, वरची हिरडी रिकामी होती. तुळशीचं लग्न जवळ आलंय, पहिली हळद पंधरा दिवसांवर आहे, ट्रम्पेटवर नवा माणूस पाहिलास की नाही, असं ते विचारत होते. पार्टी बिनट्रम्पेटची उभी राहिली तर वडिलांचं नाव जाईल, कल्याणला कोणी पोरगा आहे म्हणतात, त्याला वाजवायला लावून बघ. चेतन म्हणाला, येतोच आहे तिकडे.

शंकरराव ओट्यावरच होते. गाल आत गेले होते, तोंडाशी रुमाल. चाळीस वर्षं फुगवलेले गाल असे बसलेले पाहून चेतनला त्यांच्याकडे बघवेना. तो शेजारी बसला आणि मोबाईल काढला. चाल लावताना त्याने आपलं दीड मिनिट बोटाने पुढे सरकवलं, ती शिवीसुद्धा. काकांपुढे त्याला ती ऐकवायची नव्हती. गाणं थेट मधून सुरू झालं, ठेका पडलेला आणि ट्रम्पेट वर चाललेला.

शंकररावांनी मान वाकवून ऐकलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. आलापाची जागा आली तेव्हा त्यांनी रुमाल बाजूला केला.

''कोन हाय ह्यो?'' त्यांनी विचारलं. ''कल्यानचा पोरगा?''

चेतन त्यांच्याकडे बघतच राहिला. ते मस्करी करत नव्हते. चाळीस वर्षं ट्रम्पेटच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने त्याच्या पुढे जाऊन कधी ऐकलंच नव्हतं.

''चांगला वाजवतंय रं,'' शंकरराव म्हणाले. ''दम हाय. घाई नाय करत. ह्या जागंवर मी असतो तर...'' ते थांबले आणि रिकाम्या हिरडीवरून जीभ फिरवली. ''घे त्याला पार्टीत. माजा इचार नको करू. असा मानूस परत भेटाचा नाय.''

''काका,'' चेतन म्हणाला. ''काका, ते तुम्ही आहात.''

शंकररावांनी आधी चेतनकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या मोबाईलकडे. मग मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला, कानाला अगदी चिकटवून धरला, दुसऱ्या हाताने तोंड झाकलं आणि चाल संपेपर्यंत मोबाईल कानावरून हलवला नाही.